हवा आत, हवा बाहेर

वडनेर,
६ एप्रिल

पौर्णिमाताई,

जयभीम. कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं तुझं खोकं काल पोचलं, अजून फोडलं नाही. पोस्टमनने सायकलवरून आणलं आणि म्हणाला, "काय मागवलं बापा, टीव्ही?" मी म्हटलं, टीव्हीची माय. तो अजून हसत असेल.

पत्र लिहायचं कारण, मोबाईल कूलरच्या टाकीत पडला. कसा पडला ते लांबतं, त्यात एक मांजर आहे. तू म्हणतेसच की फोन मी उचलत नाही, तर मग कागदच बरा.

खोली मिळाली. गावाबाहेर बंद पडलेली जिनिंग आहे, कापसातून सरकी काढायची. तिचं पूर्वीचं पंखाघर म्हणजे माझी खोली. इथून एक मोठा लोखंडी नळ निघायचा, माणूस रांगत जाईल एवढा, त्यातून पंखा कापूस ओढायचा. आता पंखा नाही. नळाचं तोंड भिंतीत विटांनी बुजवलंय. राखण करायला मंदाबाई म्हणून एक म्हातारी आहे, तीच मालकीण असल्यासारखी वागते. भाडं नको म्हणाली. फक्त एक अट. भिंतीकडे तोंड करून एक टेबलफॅन ठेवलाय, तो बंद करायचा नाही. मी म्हटलं, "भिंतीले गरम होते का मावशी?" ती हसली नाही.

काम पक्कं झालं. नागपूरचा शौनक आहे ना, इमारती बांधायच्या आधी त्यांचे फिरते व्हिडिओ बनवतो. त्याची मशीन पुरत नाहीत. तो डिस्क पाठवील, मी इथे रेंडर करून, म्हणजे त्यातून पूर्ण व्हिडिओ काढून, परत पाठवायचं. वीस मेपर्यंत. म्हणून कॉम्प्युटर जोरदार पाहिजे, प्रोसेसर कंपनीने ठरवलेल्या वेगाच्या वर पळवायचा. शौनक त्याला ओव्हरक्लॉक म्हणतो. आधी कधी केलं नाही.

आता विचारायचं ते. थंड कशानं ठेवू? शौनक म्हणतो पाण्यावाला कूलर घे, नळ्या असतात, झकास दिसते. तू तर पुण्यात त्या हजार कॉम्प्युटरच्या हॉलची हवा सांभाळते. तू सांगशील ते करीन. इथे दुपारी आत्ताच त्रेचाळीस.

आणि आईला सांग, या खेपेला मी पळणार नाही. आष्टीच्या दुकानातून पळालो ते वेगळं, संत्र्याच्या ट्रकवर दोनच महिने टिकलो तेही वेगळं, तो ड्रायव्हर गाडी चालवता चालवता झोपायचा आणि मला म्हणायचा, "तू जागा राहा, म्हणजे झालं." पण ते असो.

तुझा,
अश्वजित


पुणे,
११ एप्रिल

अशू,

आईला सांगितलं. काल रात्री कारंज्याला फोन लावला होता. आधी ती म्हणायची, किती दिवस टिकतो पाहू. आता तेही म्हणत नाही, आणि मला त्याचंच जास्त लागतं. पॉलिटेक्निक, मोबाईलचं दुकान, ट्रक. सगळीकडे तुझ्याकडे निघायला चांगलं कारण होतं. वीस मेपर्यंत एका जागी बस. एवढंच हवंय मला.

आता हवा. पाण्याचा कूलर नको. नळी झिरपली तर वडनेरात कोण पाहणार? प्रोसेसरवर बसणारा उंच जाळीचा साधा एअर कूलर मी खोक्यात घातलाच आहे. प्रोसेसरवर उष्णता ओढणारी पेस्ट मुगाच्या दाण्याएवढी लाव, पोळीला तूप लावल्यासारखी नको. समोर दोन पंखे हवा आत घेणारे, मागे एक बाहेर टाकणारा. आत येणारी हवा जास्त ठेव, म्हणजे फटींतून धूळ शिरत नाही. समोर बारीक जाळी लाव, तुझ्याकडे कापसाचे तंतू उडत असणार. मागे वीतभर जागा मोकळी सोड. हवा आत आली तर तिला बाहेर जायला वाट पाहिजे, सगळं शास्त्र एवढंच आहे.

वेग थोडा थोडा वाढव. प्रत्येक वेळी अर्धा तास पूर्ण ताण देऊन तापमान बघ. पंच्याऐंशीच्या वर गेलं की मागे ये. आणि एक लक्षात ठेव, पंखा हवेपेक्षा थंड काही करू शकत नाही. खोली त्रेचाळीस तर प्रोसेसर त्रेचाळीसच्या वरच राहणार.

मांजराचं पुढच्या पत्रात सांग.

पौर्णिमाताई


वडनेर,
१९ एप्रिल

ताई,

मशीन उभं झालं! पहिल्यांदा बटण दाबलं तेव्हा काहीच झालं नाही, एक वायर लावायचीच राहिली होती. दुसऱ्यांदा तिन्ही पंखे फिरले. मी एकटाच टाळ्या वाजवल्या.

आता रागावू नको. तू सांगितलंस त्याच्या आधी मी एक केलं. आपल्याकडे गरम झालं की माणूस काय करतो? पाण्याचा कूलर लावतो. मी कॅबिनेटची बाजू उघडली आणि खोलीतल्या कूलरचं तोंड सरळ त्यावर केलं. तासभर मस्त. मग पाहतो तर पत्र्याला आतून घाम. मंदाबाई दारातून पाहून म्हणाली, "त्याले पाणी पाजून राह्यला का?" लगेच बंद केलं, दिवसभर उन्हात वाळवलं. चालते.

मग कूलरऐवजी टेबलफॅन वळवला. भिंतीवरून काढून मशीनवर. दोन दिवसांत त्याची मोटर जळाली, म्हातारा पंखा होता बिचारा. भर दुपारी दोन वाजता मंदाबाई तशीच अनवाणी धावत आली. बाहेर फरशीवर पाय टेकवत नाही ग ताई, इतकं ऊन! "पंखा काऊन बंद?" म्हणाली. मी म्हटलं, जळाला, नवीन आणतो. तिचा चेहरा पाहवेना. मग तिला कॅबिनेटच्या पंख्यांचा आवाज ऐकू आला. जवळ येऊन बसली, हात लावून पाहिला. म्हणाली, "हे रात्रंदिवस चालते?" म्हटलं, काम असलं की चालतेच. "मंग याचं तोंड भितीकडे कर."

केलं. माझं काय जाते. पण करताना एक गंमत समजली. नळ बुजवलेल्या विटांत एक वीट सैल आहे, आणि तिथून गार हवा येते. एप्रिलात! मी वीट काढली आणि समोरचे दोन पंखे बरोबर त्या भोकाशी आणले. खोलीत पंचेचाळीस. प्रोसेसर पूर्ण वेगात, आणि आकडा किती? चौतीस.

तू म्हणालीस होत नाही. होते.

अशू


पुणे,
२४ एप्रिल

अशू,

खोलीतला कूलर सरळ मदरबोर्डवर! हॉलमध्ये सांगितलं तर सगळे खुर्चीवरून पडले. पुन्हा करू नकोस, ओल्या हवेने तांब्यावर हिरवं चढतं.

चौतीसचं कारण सोपं आहे. नळ जमिनीखालून दूर कुठे निघत असेल, मातीची हवा गार असते. तुला फुकटचा एसी मिळाला. पण त्या हवेची दिशा नीट बघून घे. उदबत्ती लाव, भोकाजवळ धर, धूर कुठे जातो पाहा. आम्ही मोठ्या हॉलमध्येही असंच करतो. धूर खोटं बोलत नाही. मशीन चालू असताना एकदा आणि बंद करून एकदा. लिहून कळव.

आपल्या घरात भूतबित मानत नाहीत हे मंदाबाईंना सांगू नकोस, पण तू विसरू नकोस. तुझ्या पत्रात ती धावत आली तिथे तुझं अक्षर बदललंय.

ताई


वडनेर,
१ मे

ताई,

उदबत्ती लावली. काल, दुपारी अडीचला. या वेळी इथे कुत्रंसुद्धा हलत नाही. पाखरं नाहीत, वारा नाही, हायवेवरचे ट्रकसुद्धा दुरून पाण्याखालून गेल्यासारखे ऐकू येतात. सगळं पांढरं.

आधी मशीन चालू. धूर भोकातून खोलीकडे आला, पंख्यांनी ओढला. ठीक. मग थोडा वेळ गेला आणि धूर थांबला. जागेवर. मग उलटा, भोकात गेला. पंखे इकडे ओढून राह्यले आणि धूर तिकडे चालला. मग परत बाहेर. मी घड्याळ लावलं. एका मिनिटात सोळा वेळा बाहेर, सोळा वेळा आत.

मी बसून स्वतःचे मोजले. मी घाबरलेला होतो म्हणून बावीस.

मग तू सांगितलंस तसं मशीन बंद केलं. पंखे थांबले. धूर आत गेला आणि बाहेर यायलाच तयार नाही. मग थोडा आला. मग पुन्हा आत ओढला, ह्यावेळी जोरात, उदबत्तीचं टोक लाल झालं. आणि आवाज, ताई. दमेकऱ्याचा असतो तसा. मी बटण दाबलं, पंखे सुरू झाले, आणि हळूहळू परत सोळा.

मी बॅग भरली आहे. शौनकचं काम अर्धं झालंय, बाकीचं कुठेही करीन. आचलच्या घरी हिंगणघाटला जागा आहे म्हणते, आचल म्हणजे ती पॉलिटेक्निकवाली, तुला आठवते का, जिने माझी फी भरायची आठवण करून द्यायला घरी पत्र टाकलं होतं. ते असो. मी आठ तारखेला निघतो.

अशू


पुणे,
४ मे

अश्वजित,

हे पत्र तू निघायच्या आत मिळावं म्हणून स्पीडपोस्टने टाकते आहे. वाचतोयस म्हणजे अजून तिथेच आहेस.

बॅग रिकामी कर.

आष्टीला मालकाचा कुत्रा होता. ट्रकवर झोपाळू ड्रायव्हर. आता भिंत श्वास घेते. तुझी कारणं दर खेपेला चांगली होत चालली आहेत, एवढंच. दुपारी नळाचं दुसरं टोक तापतं, आतली हवा फुगते, आकसते, दाब खालीवर होतो. शिट्टीसारखा आवाज कोणत्याही नळातून येतो. मी पाच ओळींत तुला समजावून सांगू शकते, पण तुला समजून घ्यायचं नाही, तुला निघायचंय.

काल आईने पहिल्यांदा स्वतःहून विचारलं, "तिथंच आहे का तो?" मी हो म्हटलं. मला खोटं पाडू नकोस. वीस तारखेपर्यंत त्या खोलीत राहा. हलू नकोस.

ताई


वडनेर,
१५ मे

ताई,

तुझं पत्र वेळेवर मिळालं. मी राहिलो आहे. शौनकचं काम काल पूर्ण झालं, सहा दिवस आधी. डिस्क पाठवली.

मंदाबाईंनी सगळं सांगितलं. मी त्यांच्याच शब्दांत लिहितो.

"एकतीस वर्सं झाली. मे महिनाच होता. कापसात ठिणगी पडली. फोरमन वरडला, पंखा बंद करा, हवा तोडा. खटक्याजवळ मीच होती. मीनं पाडला. पोराईनं नळाच्या तोंडावर पत्रा ठोकला. आग इझली. सगळे मले शाबास म्हनून राह्यले. मंग माह्या पोरगा नत्थू दिसेना. नळात कापूस अडकला होता तो काढाले घुसला होता, मले ठाऊकच नवतं. भाजला नाई तो. गुदमरला."

मी विचारलं, मग विटा काढून पाहायचं का. त्या म्हणाल्या, "पाहाचं काय? तवाच दुसऱ्या तोंडानं काढला, माती देली. तिथं काई नाई. फक्त हवा पाह्यजे त्याले."

बारा तारखेला दुपारी पावणेदोनला लाईट गेली. पंखे थांबले. सोळाचे बारा झाले, बाराचे आठ. मी आधी पुठ्ठ्याने वारा घातला. पुरला नाही. मग मी भोकाला तोंड लावून फुंकलं. चाळीस मिनिटं. लाईट आली तेव्हा माझे आणि त्याचे एकाच वेळी चालले होते. उन्हाचा त्रास झाला नाही. उलट थंडी वाजत होती. अजून वाजते. मी पांघरूण घेऊन बसतो.

मशीन रिकामं राहिलं की पंखे मंदावतात. म्हणून मी त्याला काम लावून ठेवतो, कशाचंही. प्रोसेसर जितका पळेल तितके पंखे फिरतात. वेग आणखी तीन पायऱ्या वर नेला आहे. तापमान अठ्ठावीस.

मंदाबाई तेरा तारखेला आष्टीला मुलीकडे, अन्नपूर्णाकडे गेल्या. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. चार दिवसांत येतो म्हणाल्या. लुगडी सगळी नेली.

एक बॅटरी हवी आहे, लाईट गेली तर चार तास चालेल अशी. आणि दोन मोठे पंखे.

अश्वजित


पुणे,
१९ मे

अशू,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. तू पहिल्यांदा एकाही गोष्टीवरून दुसरीवर गेला नाहीस. मांजर नाही, ट्रक नाही, "ते असो" नाही. मला वाटलं दुसऱ्याच कोणी लिहिलंय.

मी चुकले. निघ. मशीन सोड, पंखे सोड, चप्पल सापडली नाही तर अनवाणी निघ. मी तुला खुंटीला बांधलं, आता मीच सांगते, पळ. आईला मी सांगीन.

मंदाबाई परत येणार नाहीत. तुला कळलंय ते.

नसशील निघत तर मी येते. रजा टाकली आहे. पंचवीस तारखेला सकाळी वर्ध्याला उतरते.

ताई


वडनेर,
२७ मे

अशू,

तू कारंज्याला पोचला असशील. आईचा बीपी वाढलाय हे मी खोटं सांगितलं. त्याशिवाय तू हलला नसतास. जाताना माझ्या हातात कागद दिलास, लाईट गेली तर काय करायचं त्याचा, आणि चार वेळा वाचून दाखवायला लावलास. बसमध्ये चढताना मेच्या उन्हात तुझे हात इतके गार होते की मी सोडले.

तू गेलास की बंद करायचं हे मी पुण्यातच ठरवलं होतं. काल दुपारी दोनला केलं. आधी उदबत्ती लावली. मग स्विच.

पंखे एकेक करून थांबले. धूर आत गेला, बाहेर आला. मी मोजत होते. चौदा. दहा. माझं डोकं नीट चालू होतं, मी म्हणत होते, दाब समान होतोय, आता थांबेल, थांबायलाच पाहिजे. मग धूर आत गेला आणि आतच राहिला. मग थोडा आला, अर्ध्यात तुटला. बाहेर काहीच हलत नव्हतं. मी पुढच्याची वाट पाहत उभी राहिले. माझ्या लक्षात आलं की मीही श्वास धरून ठेवलाय. आणि मग आतून पत्र्यावर नख घासल्यासारखं झालं. एकदाच. कोणी मदत मागत नव्हतं. कोणी तरी हात टेकायला जागा शोधत होतं.

मी चालू केलं.

माझ्याकडे अजूनही कारण आहे. नळाची लांबी, बाहेरचं ऊन, दाबाचा फरक. रात्री सगळं लिहून काढलं, अडीच पानं झाली, कुठेही चूक नाही. पण ती अडीच पानं खरी ठरवण्यासाठी तो खटका मी पुन्हा पाडणार नाही. एका बाईने एकदा पाडलाय.

मी मागच्या पंख्याचा कोन बदलला आहे, आता अठरापर्यंत सहज जातं. रजा वाढवली. तू येऊ नकोस. कुठेही जा, ज्या ट्रकवर मन होईल त्यावर बस. मी इथे आहे.

हॉलमध्ये हजार मशीन होती अशू, आणि त्यातल्या एकालाही हवा कशी लागते हे मला ठाऊक नव्हतं.

पौर्णिमाताई


कारंजा (घाडगे),
३० मे

ताई,

आईचा बीपी माझ्यापेक्षा बरा आहे. मी पोचलो तेव्हा ती गच्चीवर कुरडया घालून राह्यली होती आणि मला पाहून पहिलं काय म्हणाली, "कावळे हाकल." दोन दिवस कावळे हाकलले. एक कावळा लंगडा आहे, तो हाकलला की चालत जातो, उडत नाही, त्याची मला दया येते. ते असो.

तुझं पत्र हातात घेऊन काल हायवेवरच्या ढाब्यावर गेलो. चिंधू भेटला, तोच झोपाळू ड्रायव्हर. सुरतला चालला होता. "चढ बे अशू, तुह्याबिना झोप येते मले." मी पायरीवर पाय ठेवला. खिडकी उघडी होती, वारा नुसता सुटला होता, आणि मला हवा पुरत नव्हती. छाती भरतच नव्हती. चिंधू म्हणाला, "काय मोजून राह्यला बे मनातल्या मनात?" मी पाय काढला.

तू तिथे राहशील तर तुझ्या पत्रातून एकेक गोष्ट जाईल. तुझी थट्टा जाईल, मग राग जाईल. या पत्रात एकदाही मला रागावली नाहीस. तुला नीट जमते ताई, हेच वाईट आहे. तुझ्या हातून ते कधी बिघडणारच नाही, आणि मग तुला उठायला कारणच उरणार नाही. माझ्या हातून बिघडते. मी पुठ्ठा शोधतो, फुंकतो, घाबरतो, दारात जाऊन ट्रक पाहतो आणि परत येतो.

आईला सांगितलं, वडनेरला जातो, आता तिथेच राहीन. तिने कुरडईवरची नजर उचलली नाही. मग म्हणाली, "खरंच राह्यशील?" मी हो म्हटलं. ती रडली. तिला वाटलं चांगलं झालं.

शनिवारी पहिल्या बसने निघतो. तू बॅग भरून ठेव, दारातच बदली करू, आत थांबू नको. तोवर पंखे कमी करू नको. आणि भोकाजवळ तोंड नेऊन, फार जवळ नाही, त्याले एवढं सांग, अशू येऊन राह्यला.

तुझा,
अश्वजित